मगमच्या आधी जाळं नाही

मी मत्स्यखात्यात नोकरी केली असं सांगितलं की लोक पगार विचारत नाहीत, बदल्या विचारत नाहीत. पहिला प्रश्न एकच असतो, "तुम्ही खाता का?" चेन्नईच्या मैलापुरातले नातेवाईक विचारतात तेव्हा त्यात संशय असतो, पुण्याचे विचारतात तेव्हा कुतूहल असतं, आणि मालवणकडच्या एका बाईंनी विचारलं तेव्हा त्यात चक्क दया होती. तर, नाही, मी खात नाही. सगळी नोकरी गोड्या पाण्यातल्या माशांत गेली आणि मासा माझ्या जिभेला कधी लागला नाही. बँकेतले लोक दिवसभर नोटा मोजतात, त्या काय त्यांच्या असतात, असं मी विचारते आणि विषय बदलते.

आम्ही तंजावरचे मराठी. तंजावर सोडून मैलापुरात आलो त्यालाही आता दोन पिढ्या झाल्या. तमिळ लोक आम्हाला रायर म्हणतात, म्हणून तलावावर माझं नाव रायरम्मा. घरात आम्ही जी मराठी बोलतो ती इथे जशीच्या तशी लिहिली तर संपादक कोश उघडून बसतील, म्हणून ही पाहुण्यांपुढे बोलायची, इस्त्री केलेली मराठी. माझं लग्न ठरलं तेव्हा सासरी "मुलीला सरकारी नोकरी आहे" एवढंच कळवलं होतं. कुठलं खातं ते लग्न झाल्यावर कळलं. सासूबाईंनी आदळआपट केली नाही. त्यांनी मागच्या दारी एक नळ बसवून घेतला, तिथे शिकेकाईचा डबा ठेवला आणि सांगितलं की त्या नळाखालून आल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही. पुढची सगळी वर्षं मी पुढच्या दाराने कामाला गेले आणि मागच्या दाराने परत आले. माझ्या कामाबद्दल मात्र त्यांनी कधी एक शब्द विचारला नाही.

चेन्नईत मासे म्हटलं की सगळ्यांना समुद्र आठवतो. समुद्रवाल्यांना बोटी असतात, बंदर असतं, वर्तमानपत्रात फोटो असतो. आमच्या वाट्याला तलाव. माझ्याकडे शहराच्या पश्चिमेचा एक मोठा शेतीचा तलाव होता. बसचा रस्ता संपतो त्याच्याही पुढे. पिण्याच्या पाण्याचे तलाव वेगळे, तिथे कुणी बोट बुडवलं तरी शिट्टी वाजते. आमच्या तलावात म्हशीही डुंबत. आमच्याकडचा खरा पाऊस दिवाळीच्या आगेमागे येतो. तेव्हा तलाव भरतो आणि आम्ही त्यात कटला, रोहू, मृगळ यांची बोटभर लांबीची पिल्लं सोडतो. पुढच्या वर्षी ती ताटाएवढी होतात. मासी महिना, म्हणजे तुमचा माघ-फाल्गुन, उजाडला की थंडी, आमच्याकडे जी काय असते ती, संपते, पाणी उतरायला लागतं आणि मासा खोल डोहात गोळा होतो. तेव्हा मोठं जाळं घालायचं. ते दोन टोकांनी दोन रांगा करून काठाकडे ओढत आणतात. वर्षभराची कमाई त्या थोड्या दिवसांत असते.

निरीक्षक म्हणून माझं काम काय, तर पिल्लं मोजून सोडणं, पाणी तपासणं, कुणी चोरून जाळं घालत नाही ना ते बघणं आणि मासा ताजा आहे की नाही ते सांगणं. कल्ला लाल हवा, डोळा फुगीर हवा, अंगावर बोट दाबलं तर खड्डा राहता कामा नये. हे मला झोपेतही सांगता येईल. चवीचं मात्र विचारू नका. खात्याने एकदा अण्णा नगरात माशांच्या विक्रीचा स्टॉल लावला आणि मला त्यावर बसवलं. गिऱ्हाईक विचारायचं, कुठला जास्त चविष्ट? मी गंभीर चेहरा करून सांगायची, कटल्याचं डोकं आणि रोहूचं पोट. हे मत पेरुमाळचं, आमच्या मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्षाचं. मी ते इतक्या वेळा सांगितलं की मला ते माझंच वाटायला लागलं.

तिथे एक नवी लग्न झालेली मुलगी आली आणि म्हणाली, आंटी, कसा करायचा तेही सांगा. मागे रांग. मी काय सांगणार? सासूबाईंची भेंडीची चिंचेची आमटी सांगितली, फोडणीपासून कढीपत्त्यापर्यंत, फक्त भेंडीच्या जागी मासा म्हटलं. पुढच्या आठवड्यात ती नवऱ्याला घेऊन हजर. तो म्हणाला, असं कालवण त्याच्या आईलाही जमत नाही, ही कुठल्या गावची पद्धत? मी तंजावरची म्हणून सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. सासूबाईंच्या कानावर हे अजून गेलेलं नाही. त्या हा अंक वाचत नाहीत, त्यांचं मराठी वाचन मोडीपाशी थांबलेलं आहे.

दुसरी गोष्ट परिसलीची. परिसल म्हणजे बांबूची गोल टोपली, बाहेरून कातड्यासारखं प्लास्टिक लावलेली. तिला पुढचं-मागचं टोक नसतं, त्यामुळे वल्हं नीट मारता आलं नाही तर ती जागच्या जागी गरगर फिरते. मी पहिल्यांदा एकटी बसले तेव्हा तिने मला काठावरच्या सगळ्या सोसायटीचं दर्शन घडवलं, पुन्हा पुन्हा, त्याच क्रमाने. कुणी हसलं नाही. सगळे अदबीने माना वळवून माझ्याबरोबर फिरत होते. शेवटी पेरुमाळ पोहत आला आणि टोपलीला धरून मला काठावर घेऊन गेला. सायंकाळी त्याने एवढंच म्हटलं, की अम्मा, आपण काठावरून बघितलं तरी तलाव तेवढाच दिसतो.

आणि मग कौस्तुभ. हा नाशिकचा मुलगा, शोळिंगनल्लूरच्या एका काचेच्या इमारतीत कॉम्प्युटरवर काहीतरी करायचा. काय ते त्याने मला अनेकदा समजावलं. शनिवारी हौसेने गळ टाकायला येणाऱ्यांना सोसायटी पास देते, त्यासाठी तो आला आणि मी मराठी बोलते हे कळल्यावर माझाच झाला. त्याच्याकडे परदेशी गळ होता, टोपी होती, खिसेच खिसे असलेलं जॅकेट होतं, पाण्यात सोडला की मासा कुठे आहे ते फोनवर दाखवणारं एक चेंडूसारखं यंत्र होतं. मासा मात्र त्याला कधी लागला नाही. एकदा गळाला चप्पल लागली, एकदा पेरुमाळची लुंगी. पण तो दर शनिवारी पहाटे उठून शहर ओलांडून यायचा. मला त्याचा राग येत नसे, कारण इतकी निष्ठा मी आमच्या खात्यातही फारशी बघितलेली नाही.

माझ्या नोकरीतली शेवटची मासी होती. त्या वर्षी पाऊस कमी झाला होता, पाणी लवकर उतरलं आणि ऊन महिनाभर आधी आलं. एका शनिवारी मी तलावावर पोचते तो कौस्तुभ बांधावरून धावतच आला. "मॅडम, आज मासेच मासे आहेत. सगळे वर आलेत, तोंड उघडून." त्याचा चेहरा आनंदाने फुलला होता. इतके मासे त्याने आयुष्यात एकत्र बघितले नव्हते. गळ त्यांच्या नाकासमोर टाकतोय, म्हणाला, तरी एकही तोंड लावत नाही, आमिष बदलू का?

मी त्याच्या आमिषाकडे बघितलंही नाही. डोहाच्या पृष्ठभागावर शेकडो तोंडं उघडझाप करत होती. मासा असा वर येतो तो खायला नाही, श्वासाला. पाणी उथळ झालं, तापलं आणि शेवाळाने हिरवं झालं की रात्रीतून पाण्यातला प्राणवायू संपत येतो. पहाटे सगळ्यात कमी असतो. सूर्य वर आला की थोडं सावरतं, म्हणून दुपारी येणाऱ्याला तलाव छान शांत दिसतो. पण असं काही दिवस चाललं की एका सकाळी सगळे पोटं वर करून तरंगतात. पाण्यात मेलेला मासा कुणी घेत नाही, फुकट दिला तरी नाही. उपाय सोपा असतो, लगेच जाळं घालून काढून घ्यायचा.

काही वर्षांपूर्वी असं एकदा घडलं होतं. मी तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यात होते. सोसायटीने मेलेले मासे खड्डे खणून पुरले, आणि त्या उन्हाळ्यात अर्धी तरुण मंडळी शहरात वॉचमन आणि ड्रायव्हर होऊन गेली ती परत आली नाहीत. उरलेली घरं पेरुमाळने कशीबशी धरून ठेवली होती. पुन्हा तसंच झालं तर जाळं ओढायला दोन रांगांची माणसंच उरणार नव्हती. हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

मी पेरुमाळला म्हटलं, उद्याच जाळं घाला. तो डोहाकडे बघत राहिला. मग म्हणाला की अम्मा, मगम व्हायचं आहे.

मासी मगम म्हणजे मासीतला मघा नक्षत्राचा दिवस. त्या दिवशी आमच्याकडे देव पाण्यावर स्नानाला जातात. गावची अम्मन, म्हणजे देवी, पालखीतून तलावावर येते, स्नान करते, आणि त्यानंतरच वर्षाचं पहिलं मोठं जाळं पाण्यात पडतं. तोपर्यंत नाही. मगम त्या दिवसापासून आठवड्याहून लांब होता. पेरुमाळ म्हणाला की माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे, पण माझ्या आईने हळद लावल्याशिवाय जाळ्याला कुणी हात लावणार नाही, मीही नाही. मी संतापले. मी फार लवकर संतापते, ते खात्यात सगळ्यांना माहीत आहे. मी त्याला प्राणवायूवर एक व्याख्यान दिलं. त्याने ते शेवटपर्यंत ऐकलं आणि पुन्हा म्हणाला, आईला विचारा.

त्याची आई म्हणजे मुनियम्मा पाट्टी. पाट्टी म्हणजे आजी. सगळा गाव तिला तेच म्हणे. ती झोपडीच्या ओट्यावर पान कुटत बसली होती. मी सगळं सांगितलं. तिने डोहाकडे दोनदा बघितलं, म्हणजे तिला कळत होतं. पण मान हलवली. अम्मन स्वतःचा दिवस बदलत नाही, म्हणाली. मी म्हटलं, मग पालखीच लवकर आणा. तिने मला विचारलं, तू तुझ्या सासूची दिवाळी लवकर आणतेस का?

तशीच धुसफुसत उठले आणि जाता जाता, खरं तर रागानेच, विचारलं की जाळं नको, पण माणूस तरी पाण्यात उतरला तर चालतो का?

"मी रोज उतरते," पाट्टी म्हणाली. "तुला कुणी अडवलंय?"

"मी एकटी नाही. सगळा गाव उतरला तर? परिसली, बादल्या, काठ्या घेऊन?"

तिने पान तोंडात टाकलं आणि बराच वेळ चावलं. "कितीही उतरा," ती म्हणाली. "साबण लावू नका."

आता हे का विचारलं ते सांगते. पाणी घुसळलं, आपटलं, वर उचलून खाली ओतलं की त्यात हवा मिसळते. छोट्या तळ्यात असं करतात हे पुस्तकात आहे. एवढ्या तलावात ते हास्यास्पद ठरलं असतं, पण सगळा मासा आता पाणी सोडायच्या दाराजवळच्या एका डोहात जमला होता. तेवढा डोह रोज पहाटे घुसळत मगमपर्यंत पोचायचं, असा माझा बेत. वरच्या ऑफिसात फोन करून सांगितला. साहेब म्हणाले, असं काही लेखी मागू नका.

पहिल्या पहाटे गावातली माणसं उतरली. पेरुमाळने मेव्हण्याच्या शेतावरचा डिझेल पंप आणला. त्याने डोहातलं पाणी वर खेचून उंचावरून परत डोहात सोडायचं. बायका बादल्यांनी पाणी उडवत होत्या, पुरुष बांबूंनी बडवत होते. खोलात परिसली होत्या, आणि तिथे ज्याला वल्हं मारता येत नाही तोच उत्तम, कारण टोपली जितकी गरगरेल तितकं पाणी ढवळलं जातं. मीही एका परिसलीत बसले. माझी जुनी विद्या प्रथमच कामाला आली. ऊन पसरेपर्यंत सगळ्यांचे खांदे भरून आले, पण तोंडं पाण्याखाली गेली. मासे जगले, निदान त्या दिवसापुरते.

पण गावात माणसं कमी. दोन-तीन पहाटांतच दमछाक झाली. कौस्तुभने हे बघितलं आणि मला न विचारता फोनवर त्याच्या ऑफिसातल्या लोकांना काय लिहिलं देव जाणे. दुसऱ्या दिवशी पहाटे बांधावर मोटारींच्या दिव्यांची रांग लागली. शोळिंगनल्लूरहून माणसं आली होती. कुणी पोहण्याचा चष्मा लावून, कुणी योगासनांची चटई घेऊन. एकाने हवा भरायचं बदक आणलं होतं. एक मुलगी म्हणाली, तिला मानसिक ताणासाठी डॉक्टरांनी असंच काहीतरी करायला सांगितलं आहे. मी काठावर दोरी बांधून छातीएवढ्या पाण्याची हद्द आखली आणि दोरीपलीकडे जो जाईल त्याला मीच बुडवीन असं तीन भाषांत सांगितलं.

ही मंडळी शिस्तीची. रोज पाण्यात उतरल्यावर आधी गोल उभं राहून काल काय झालं, आज काय करायचं, अडचण काय, याची बैठक घेत, पाणी बडवत बडवत. पेरुमाळला त्यांनी त्यात घेतलं. त्याची अडचण विचारली की तो रोज म्हणे, मगम. पाट्टी ओट्यावरून हे बघायची. या सगळ्यांना घरी न्हाणीघर नाही का, तिने मला एकदा विचारलं, आणि मी कितीही समजावलं तरी तिला ते पटलं नाही असं दिसलं.

इकडे घरी मला पहाटेच्याही आधी निघावं लागे. आमचे हे बँकेतून निवृत्त झालेले, ते कुरकुरत स्कूटर काढत. सासूबाई नव्वदीला टेकलेल्या, झोप कमी. पहिले दोन दिवस त्या नुसत्या बघत होत्या. तिसऱ्या दिवशी मी परत आले तेव्हा त्यांनी विचारलं, एवढ्या पहाटे काय जळतंय तुझ्या ऑफिसात? मी सांगितलं की मासे मरायला लागलेत. त्यांना श्वास देतोय. दुसऱ्या दिवशी मी जेवायला बसले तर म्हणाल्या, "आज कसे अहेत ते?" आमच्या बोलीत अजून 'अहे'च आहे, आणि 'ठीक'च्या जागी तमिळचं 'सरी'. मी म्हटलं, आज बरे आहेत. त्या दिवसापासून रोज ताटाशी हा प्रश्न यायला लागला, आजारी नातेवाइकाची चौकशी करावी तसा. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्या कामाचं काही विचारलं नव्हतं. मला आनंद झाला आणि थोडी धास्तीही वाटली, कारण त्यांचा समज काय होतोय ते माझ्या लक्षात यायला लागलं होतं.

मगमच्या आदल्या दिवशी आभाळ भरून आलं. पाऊस येईल म्हणून सगळे खूश. पाऊस आला नाही, नुसते ढग राहिले, आणि वारा पडला. ऊन नसलं की पाण्यातलं शेवाळ दिवसा हवा तयार करत नाही, मग पुढची पहाट फार वाईट जाते. आणि नेमका मगमच्या पहाटे पंप बंद पडला. पेरुमाळ आणि त्याचा मेव्हणा त्याच्यावर वाकून एकमेकांच्या घराण्याबद्दल बोलत होते. डोहाच्या कडेला पाच-सहा कटले पोट वर करून तरंगत होते. एक मी उचलून बघितला. कल्ला फिका पडला होता. मला वाटलं, संपलं. एवढी घुसळण करून काही तासांनी हुकलो.

मी ओरडले, काय ते आठवत नाही. सगळे एकदम पाण्यात पडले. त्या दिवशी बैठक झाली नाही. चष्मे, बदक, बादल्या, ताटं, हातपाय, जे असेल त्याने पाणी बडवायला सुरुवात झाली. योगासनवाल्या बाईंनी चटईने पाणी झोडपलं. आमचे हे, जे आजवर तलावाच्या बांधाखाली कधी आले नव्हते, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उतरले आणि बँकेत शिक्के मारायचे त्याच तालात पाण्यावर स्टीलचा डबा मारत राहिले. पाट्टीसुद्धा उतरली. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. हात उचलेना तेव्हा लोक नुसते जागच्या जागी उड्या मारत होते. आणि मग पश्चिमेकडून वारा सुटला. आधी झाडं हलली, मग पाण्यावर शिरशिरी आली, मग लाटा काठाला लागल्या. वाऱ्याने जे केलं ते आम्हा शंभर माणसांनाही जमलं नसतं, हे मला कबूल आहे. पण वारा येईपर्यंत मासे तगले ते आमच्यामुळे, आणि हेही मी कुणाला कमी करू देणार नाही.

त्याच सकाळी अम्मन आली. नगारा, कडुनिंबाच्या डहाळ्या, पालखी. डोहात उभी असलेली ओली माणसं बाजूला झाली आणि देवीने त्यांच्यामध्ये स्नान केलं. पाट्टीने भिजल्या लुगड्यानेच जाळ्याला हळद लावली. जाळं पडलं, दोन रांगा लागल्या, आणि जाळं काठाकडे यायला लागलं तसं पाणी उकळल्यासारखं दिसायला लागलं. रोहू जाळ्यावरून हातभर उंच उड्या घेत होते. बांधावर शहरातले व्यापारी टोपल्या आणि बर्फ घेऊन ताटकळत होते, ते पुढे सरसावले. पेरुमाळ रडत होता. पाणी गेलं डोळ्यात, असं तो म्हणत होता.

शोळिंगनल्लूरची मंडळी मात्र टोपल्यांपासून मागे सरली होती. कौस्तुभ माझ्याजवळ आला. नाशिकचा, मासे आवडीने खाणारा मुलगा. टोपलीत कटला धडपडत होता, तिकडे बघत तो म्हणाला, "मॅडम, आपण यांनाच वाचवत होतो ना?"

"यांनाच," मी म्हटलं.

मी न खाणारी, तो खाणारा, आणि दोघांची अवस्था सारखी. पाट्टीने विचारलं, काय म्हणतोय तो? मी तमिळमध्ये सांगितलं. तिने जाळ्याची दोरी खाली ठेवली नाही. ओढता ओढताच म्हणाली, "त्याला सांग, त्या वर्षी ते आपोआप मेले. आम्ही मारले नाहीत, आम्हाला पाप लागलं नाही, आणि पोरं गाव सोडून गेली." मी ते कौस्तुभला मराठीत सांगितलं. मग रांगेच्या शेवटी जाऊन त्याने दोरी धरली. पेरुमाळने दुपारी त्याला एक कटला दिला, तो त्याने दोन्ही हातांवर घेतला. त्याच्या गळाला आजवर जे लागलं नव्हतं ते त्याच्या हातात होतं, आणि तो अजिबात हसत नव्हता.

त्या सायंकाळी कुणीही गाव सोडायचं बोललं नाही. उलट पुढच्या पिल्लांची बोलणी निघाली. मी यांच्या मागे स्कूटरवर बसले तेव्हा मला खूप मोकळं वाटत होतं. मैलापूर जवळ आलं तशी मात्र सासूबाईंची आठवण झाली. त्या विचारणार, आणि मला खोटं बोलता येणार नव्हतं. त्यांच्या मनात ते मासे आता बरे होऊन तलावात सुखाने राहणार होते. इतक्या वर्षांनी त्यांनी माझ्या कामाकडे तोंड वळवलं होतं, ते पुन्हा फिरणार.

त्या जमिनीवर बसून मोगऱ्याचा गजरा करत होत्या. मी आत आले तसं मान वर करून त्यांनी विचारलं, "आज कसे अहेत?"

"आज जाळं घातलं," मी म्हणाले. "पाच-सहा सोडून सगळे वाचले होते. सगळे विकले गेले."

दोऱ्यावरचा हात थांबला. पाप, पुण्य, नोकरी, पोट, सगळ्यावरची उत्तरं मी लग्नापासून तयार ठेवली होती, त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. आता विचारतील असं वाटलं.

"ताजे गेले न?" त्या म्हणाल्या.

"ताजे," मी म्हणाले. "उड्या मारत."

"मग सरी," त्या म्हणाल्या, आणि गुडघ्यांवर हात टेकून मला वाढायला उठल्या.